सनमायकाचं बंड: मेम्फिस नेमकं कशाविरुद्ध होतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का ते दिसेल. तुम्ही इंटिरियर डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहात. वर्गात मेम्फिस (१९८० च्या दशकातला मिलानचा डिझायनरांचा गट) शिकवलं, पडद्यावर त्या गटाच्या एत्तोरे सोट्सासचा 'कार्लटन' हा तिरक्या फळ्यांचा, रंगीत पुस्तकांचा कप्पा दाखवला आणि तुम्हाला तो बालवाडीतल्या सामानासारखा वाटला. तिरक्या फळ्यांवर पुस्तकं राहणार कशी? घेणारे सगळे श्रीमंत, मग हे बंड कसलं? आणि एवढं सगळं पटलेलं नसताना सेमिस्टर संपायच्या आत 'मेम्फिस शैलीत' एक शेल्फ खरोखर बनवून द्यायचंय, तर सुरुवात कुठून करायची?

मी फर्निचर डिझाइन करतो आणि ते स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बनवूनही घेतो. त्यामुळे माझं उत्तर कलेच्या अभ्यासकापेक्षा सुताराच्या शेजारी उभं राहून बोलणाऱ्या माणसाचं असेल. आणि तिथून बघितलं तर मला वाटतं, तुमची खरी अडचण 'हे सुंदर की विचित्र' ही नाही. तुम्ही आकार बघितला, रंग बघितले. पण ती वस्तू कशानं मढवलीय ते बघायचं राहिलं. कार्लटन लॅमिनेटनं मढवलेला आहे. आपल्या भाषेत, सनमायकानं. बंड आहे ते तिथे. तिरक्या फळ्या नंतर येतात.

१९७० च्या दशकातलं मिलान डोळ्यांसमोर आणा. चांगल्या घरातलं चांगलं फर्निचर म्हणजे चामडं, क्रोमचं स्टील, काच, संगमरवर, अक्रोडाचं लाकूड. रंग काळा, पांढरा, तपकिरी. वस्तूनं शांत राहायचं, आपल्या उपयोगापलीकडे काही बोलायचं नाही. जर्मनीत उल्मची डिझाइनची शाळा आणि ब्राऊन या विजेच्या उपकरणांच्या कंपनीनं हा विचार कडक शिस्तीत बसवला होता. इटलीनं त्याला जरा श्रीमंती चढवली होती. लॅमिनेट तेव्हाही होतं, पण कुठे? कॉफी बारच्या काउंटरवर आणि उपनगरातल्या स्वयंपाकघरांत. पुसायला सोपं, स्वस्त. दिवाणखान्यात त्याला प्रवेश नव्हता.

ही रीत मोडणारा माणूस पोरसवदा नव्हता. १९१७ साली जन्मलेला सोट्सास तेव्हा साठी ओलांडलेला होता. १९५८ पासून त्यानं ऑलिव्हेट्टी या टाइपरायटर बनवणाऱ्या कंपनीसाठी काम केलं होतं. इटलीच्या सुरुवातीच्या मोठ्या संगणकांपैकी एक, 'एलेआ ९००३', त्याचं बाह्यरूप त्याचं. १९५९ साली त्याला इटलीतला मानाचा 'कोम्पासो द'ओरो' पुरस्कार मिळाला. १९६९ चा लाल प्लास्टिकचा 'व्हॅलेंटाइन' टाइपरायटर त्यानं पेरी किंगबरोबर केला. म्हणजे उपयुक्तता, उत्पादन, कारखाना हे सगळं त्याला हाताच्या तळव्यासारखं माहीत होतं. नियम न येणाऱ्यानं नियम मोडणं वेगळं आणि वीस वर्षं नियम पाळून दाखवलेल्यानं मोडणं वेगळं. वर्गात ही गोष्ट सांगितली जात नसेल तर तुम्ही सांगा.

एक बाजूची गोष्ट. १९६१ मध्ये सोट्सास भारतात फिरून गेला होता. पुढच्याच वर्षी मूत्रपिंडाच्या आजारानं तो मरता मरता वाचला, अमेरिकेत उपचार झाले आणि त्यानंतर त्यानं सिरॅमिकची जी मालिका केली त्यातली १९६४ ची तबकं 'शिवाला अर्पण' म्हणून आहेत. कार्लटनच्या वरच्या टोकाला हात पसरून उभ्या असलेल्या माणसासारखी आकृती आहे. आपल्याकडच्या अनेकांना त्यात बऱ्याच हातांची देवी दिसते. ते आपल्या डोळ्यांत आहे की त्याच्या मनात होतं, यावर मी पैज लावणार नाही. प्रोजेक्टच्या अहवालात तर मुळीच ठोकून देऊ नका.

मेम्फिसच्या आधी इटलीत अशी बरीच खटपट झाली होती. फ्लॉरेन्समध्ये १९६६ पासून आर्किझूम आणि सुपरस्टुडिओ हे तरुण वास्तुविशारदांचे गट होते. १९७६ मध्ये मिलानला अलेस्सांद्रो ग्वेरिएरोनं स्टुडिओ अल्किमिया सुरू केला. अलेस्सांद्रो मेंदिनीची ठिपक्याठिपक्यांनी रंगवलेली 'प्रूस्त' आरामखुर्ची त्याच वातावरणातली, १९७८ ची. सोट्सासही तिथे होता. पण अल्किमियाच्या वस्तू म्हणजे बऱ्याचशा एकेक नगाच्या टीकाटिप्पण्या होत्या, प्रदर्शनात बघून घरी जायच्या. सोट्सासला कॅटलॉग हवा होता, बनवणारा कारखाना हवा होता, विकणारं दुकान हवं होतं. म्हणून तो बाहेर पडला.

११ डिसेंबर १९८० च्या रात्री त्याच्या घरी तरुण मंडळी जमली. मिकेले दे लुक्की, मार्तीन बेदँ, आल्दो चिबिक, मातेओ थुन, मार्को झानिनी. बहुतेक सगळे विशीतले. बॉब डिलनची तबकडी लागली होती आणि त्या गाण्यातलं 'मेम्फिस' हे नाव गटाला चिकटलं. जॉर्ज सोडेन आणि नताली द्यु पास्किए हेही लवकरच आले. लेखिका बार्बारा रादिचेनं गटाची बाजू मांडायचं काम सांभाळलं. पैसा आणि पाठबळ आर्टेमिडे या दिव्यांच्या कंपनीच्या एर्नेस्तो जिस्मोंदीचं, सुतारकाम रेंझो ब्रुगोलाच्या वर्कशॉपचं, आणि लॅमिनेट ब्रा गावच्या आबेत लॅमिनातीचं. या शेवटच्या नावाशिवाय ही गोष्ट घडलीच नसती असं माझं मत आहे.

कारण लॅमिनेट मुळात काय असतं? राळेत भिजवलेल्या जाड क्राफ्ट कागदांचे थर, त्यावर एक छापील कागद, वर मेलामाइनचा पारदर्शक थर. सगळं उष्णता आणि दाबाखाली एकजीव केलेलं. म्हणजे जे आपल्याला दिसतं ते चित्र असतं. त्या चित्रावर काय असावं हे कुठल्याही झाडानं ठरवलेलं नसतं. तरीही जगभरच्या कारखान्यांनी काय छापलं? सागवान, अक्रोड, संगमरवर. आपल्याकडे आजही दुकानात गेलात तर कॅटलॉगची पहिली पंचवीस पानं लाकडाच्या फोटोंची निघतील. सोट्सासनं १९७८ मध्ये आबेतसाठी 'बाक्तेरिओ' नावाचा नमुना केला: पांढऱ्यावर काळ्या, वळवळणाऱ्या अळ्यांसारख्या रेघा. तो कशाचीच नक्कल करत नाही. छापील कागद आहे आणि छापील कागदासारखाच दिसतो. द्यु पास्किए आणि सोडेन यांनी पुढे कापडावर आणि लॅमिनेटवर असे ढीगभर नमुने केले. खोटं लाकूड 'अभिरुचीपूर्ण' आणि खरा छाप 'भडक', ही उलटी वर्णव्यवस्था त्यांनी सरळ दिवाणखान्यात आणून उभी केली. माझ्या दृष्टीनं मेम्फिसचं सार एवढंच आहे. बाकीची गंमत त्यावर चढवलेली.

१८ सप्टेंबर १९८१ ला, मिलानचं फर्निचर प्रदर्शन चालू असताना, 'आर्क ७४' या शोरूममध्ये पहिला संग्रह लागला. फर्निचर, दिवे, घड्याळं, सिरॅमिक मिळून पन्नासच्या वर वस्तू. रस्त्यावरची वाहतूक अडावी इतकी गर्दी झाली. त्यात कार्लटन होता, बदकासारखी चोच काढलेला 'ताहिती' दिवा होता (त्याचा पाया बाक्तेरिओचा), बेदँचा 'सुपर' दिवा होता: अर्धगोल, वर रंगीत होल्डरांत बल्ब, खाली चाकं, दोरीनं ओढत न्यावा असा. मासानोरी उमेदाचं 'तावाराया' म्हणजे चक्क बॉक्सिंगचं रिंगण, आत जपानी चटया. गटाचा तो प्रसिद्ध फोटो त्यातलाच.

सगळंच उत्तम होतं असं मी म्हणणार नाही. तावाराया माझ्या मते फोटोसाठीच जन्मलेली वस्तू आहे. दे लुक्कीची १९८३ ची 'फर्स्ट' खुर्ची दिसायला लाजवाब, पण पाठ टेकायला एक छोटी तबकडी आणि हात ठेवायला दोन गोळे. त्यावर बसून तासभर जेवण करायला मला सांगू नका. उलट सुपर दिव्याची कल्पना मला आजही ताजी वाटते, कारण चाकं तिथे उगाच नाहीत. तुम्ही जिथे बसाल तिथे उजेड यावा, ही गरज खरी आहे. आणि शिरो कुरामाताचं १९८३ चं 'क्योतो' टेबल तर मला सगळ्यांत आवडतं: सिमेंटमध्ये रंगीत काचेचे तुकडे घालून घासलेलं. आपल्या जुन्या घरांतल्या मोझॅक फरशीचाच हा भाऊबंद. जिच्यावर ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल टाकायची आपल्याला घाई झाली, ती जात त्यानं टेबलाच्या तबकावर बसवली.

आता तिरक्या फळ्या. कार्लटन साधारण १९५ सेंटीमीटर उंच, १९० रुंद आणि ४० खोल आहे. त्याला पाठ नाही. तो भिंतीला लावायचं शेल्फ नाहीच. खोलीच्या मधोमध उभा राहून दोन भाग करणारा पार्टिशन आहे, दोन्ही बाजूंनी बघायचा. त्यात आडव्या फळ्या भरपूर आहेत, मध्ये दोन ड्रॉवर आहेत. तिरक्या पाट्यांना पुस्तकं रेलतात, शेवटचं पुस्तक पडू नये म्हणून आपण जो बुकएंड विकत आणतो त्याचं काम त्या करतात. ट्रेसिंग पेपर घ्या आणि समोरचं एलिव्हेशन (सरळ समोरून दिसणारं चित्र) फक्त रेघांत काढा, रंग न भरता. तुम्हाला समभुज त्रिकोण दिसायला लागतील, काही पूर्ण, काही अर्धवट सूचित केलेले. डावी-उजवी बाजू तोललेली आहे. रुंद, जड दिसणारा पाया आहे. हा नुसता पसारा नव्हे. रंग काढला की खाली एक अत्यंत शिस्तीचा माणूस बसलेला सापडतो. हा सराव तुम्ही केलात तर तुमच्या 'बालवाडी'च्या आक्षेपाचं काय होतं ते मला कळवा. आक्षेप टिकला तरी हरकत नाही, पण मग तो रंगांबद्दलचा असेल.

श्रीमंतांचा मुद्दा मात्र तुमचा बरोबर आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. फॅशन डिझायनर कार्ल लागरफेल्डनं मोंते कार्लोचं घर मेम्फिसनं भरलं आणि १९९१ मध्ये ते सगळं लिलावात काढलं. गायक डेव्हिड बोवीकडे मोठा संग्रह होता, त्याच्या मृत्यूनंतर २०१६ मध्ये लंडनला विकला गेला. पहिल्या संग्रहातल्या कितीतरी वस्तूंची नावंच पंचतारांकित हॉटेलांची: कार्लटन, मायकल ग्रेव्ह्जचं ड्रेसिंग टेबल 'प्लाझा', आणि सोडेनची आरामखुर्ची तर 'ओबेरॉय'. ही थट्टा होती की गिऱ्हाईक कोण आहे याची प्रामाणिक कबुली, तुम्हीच ठरवा. मला दोन्ही वाटतं.

पण त्यांनी 'सर्वांसाठी स्वस्त फर्निचर' असा दावा केलाच नव्हता. तो दावा करणारा माणूस त्याच शहरात दुसरा होता. एन्झो मारीनं १९७४ मध्ये साध्या फळ्या आणि खिळ्यांनी घरी ठोकता येईल अशा टेबलखुर्च्यांचे आराखडे टपालखर्चात लोकांना देऊ केले. पैशाविरुद्धचं बंड बघायचं असेल तर मारीकडे जा. मेम्फिसचं बंड अभिरुचीविरुद्ध होतं, कुठलं साहित्य 'आपल्यातलं' आणि कुठलं 'त्यांच्यातलं' हे ठरवणाऱ्या मानसिकतेविरुद्ध. ही दोन बंडं वेगळी ठेवलीत तर तुमचा अर्धा गोंधळ मिटेल.

स्वस्त साहित्याची वस्तू एवढी महाग का, हे मात्र मी वर्कशॉपमधून सांगू शकतो. लाकडाला चूक पचते. फट राहिली तर लांबी (पुट्टी) भरता येते, पृष्ठभाग घासता येतो, पॉलिशखाली बरंच काही झाकलं जातं. एकरंगी लॅमिनेटला टवका उडाला की तो पत्रा गेला. दोन रंग जिथे भेटतात तिथली रेघ अर्धा मिलिमीटर जरी वाकली तरी खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते. त्यात ६० अंशांचे जोड. काटकोनात डोळे मिटून काम करणारा कारागीरही तिथे कोनमापक काढतो. सनमायकाचा पैसा त्यात किरकोळ असतो, मजुरीच खरी किंमत. त्यामुळे कोणी 'आमचा मिस्त्री हुबेहूब कार्लटन करून देईल' म्हणालं तर मी आधी त्या मिस्त्रीनं केलेला एखादा तिरका जोड बघायला मागतो. आणि हुबेहूब नक्कल करूच नका. ती वस्तू आजही इटलीत अधिकृतपणे बनते.

आता तुमचं शेल्फ. यात बरंच काही तुमच्या परिस्थितीवर आहे: कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पॅनेल सॉ आहे की हातकटर, पैसे किती, आणि परीक्षकांना 'ओळखू येणारं' मेम्फिस हवंय की त्यामागचा विचार. हे शेवटचं आधी विचारून घ्या. ओळखू येणारं हवं असेल तर लॅमिनेट, ठळक रंग, भौमितिक आकार यांना पर्याय नाही. विचार हवा असेल तर मी नागमोडी रेघा आणि गुलाबी-फिरोजी त्रिकोण सगळ्यात आधी बाजूला ठेवीन. जाहिरातींनी ते इतके वापरलेत की आता तेच 'सुरक्षित' झालेत.

त्याऐवजी आजूबाजूला बघा: आपल्याकडे कुठलं साहित्य दिवाणखान्याच्या उंबऱ्याबाहेर ठेवलंय? नुसतं लॅमिनेट वापरणं पुण्यामुंबईत बंड होऊ शकत नाही, ते घरोघरी आहे. पण लॅमिनेटच्या कॅटलॉगमधली शेवटची पानं, जी गिऱ्हाईक न बघता मिटवतं, ती आहेत. रंगीत फुलं काढलेला ट्रंकेचा पत्रा आहे. खाटेची नायलॉनची पट्टी आहे. रिक्षाच्या सीटचं रेक्झिन आहे. यातलं एकच घ्या आणि ते लपवू नका, कशाची नक्कल करायला लावू नका. निवड का केली हे तुम्हाला दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. 'वेगळं दिसावं म्हणून' हे उत्तर परीक्षकांच्या आधी मीच नापास करीन.

रंगाचा एक नियम कार्लटनकडूनच उचला. तिथे बहुतेक ठिकाणी रंग बदलतो तो जोडावर. एका भागाचा एक रंग, म्हणजे रंगावरून रचना वाचता येते. आणि नक्षीचं लॅमिनेट फक्त पायाला आहे, वर सगळे एकरंगी. विद्यार्थ्यांच्या कामात मी नेहमी उलटं बघतो: नक्षी सगळीकडे, पायाला मात्र काहीच नाही.

बांधणीबद्दल थोडं तपशिलात, कारण इथेच प्रोजेक्ट कोसळतात. १८ मिलिमीटरचं प्लाय घेत असाल तर पुस्तकांच्या फळीचा मोकळा गाळा ६०-७५ सेंटीमीटरच्या पुढे नेऊ नका. पुस्तकांचं वजन मीटरला २० ते ३० किलो सहज भरतं, ९० सेंटीमीटरला फळी वर्षभरात पोटात वाकते. लॅमिनेट दोन्ही बाजूंना लावा, समोर १ मिलिमीटरचं आणि मागे ०.८ चं चालेल. एकाच बाजूला लावलेली फळी पावसाळ्यात बाक घेते, आणि उघड्या, पाठ नसलेल्या शेल्फमध्ये तो बाक लपवायला जागाच नसते. आधी प्लायच्या अख्ख्या शीटवर लॅमिनेट दाबून घ्या, मग कापा. बारीक दातांची कार्बाइड पाती वापरा आणि कापायच्या रेघेवर टेप लावा, कपच्या कमी उडतात. तिरका जोड नुसत्या फेव्हिकॉलवर आणि प्लायच्या कडेत मारलेल्या स्क्रूवर सोडू नका. कडेत स्क्रू नीट धरत नाही; डॉवेल (लाकडी खुंटी) घाला, वजन जास्त असेल तर आतून लोखंडी पट्टी. लॅमिनेटची कापलेली कड काळपट रेघेसारखी दिसते. ती पट्टीखाली झाकायची की रचनेचा भाग म्हणून उघडी ठेवायची हे कापण्याआधी ठरवा, कारण त्यानुसार माप बदलतं. आणि शेल्फ मधोमध उभं राहणार असेल तर पाया वरच्या भागापेक्षा जड असू द्या. गरज पडली तर पायाच्या पोकळीत वाळू भरा. लहान मूल लटकेल असं धरूनच उंची ठरवा.

तोंडी परीक्षेत 'मेम्फिस ही शैली होती का' असं विचारतील, त्यासाठी एक गोष्ट हाताशी ठेवा. सोट्सास १९८५ मध्येच गटातून बाहेर पडला आणि दोन-तीन वर्षांत गट संपला. द्यु पास्किए १९८७ पासून चित्रकलेकडे वळली. आणि त्याच १९८७ मध्ये फर्स्ट खुर्चीवाल्या दे लुक्कीनं जियांकार्लो फास्सिनाबरोबर आर्टेमिडेसाठी 'तोलोमेओ' दिवा केला: ॲल्युमिनियमचा, रंग नाही, नक्षी नाही, तारांच्या ताणावर तोललेला. जगभरच्या ऑफिसांत तो आजही टेबलांवर आहे. एकाच माणसाचे हे दोन दिवस तुम्ही परीक्षकांपुढे शेजारी शेजारी ठेवा आणि पुढचा प्रश्न त्यांना विचारू द्या.

कच्चं रेखाटन झालं की इथेच टाका, बघतो. फक्त समोरचं नको, बाजूचं एलिव्हेशन आणि एका जोडाचं मोठं करून काढलेलं चित्रही द्या. साहित्य कोणतं निवडलं ते त्याखाली लिहा.